थोडे जंत राहू द्यावेत

ठरलेल्या तारखेला कळपातल्या प्रत्येक शेळी-मेंढीला जंताचे औषध पाजायचे, ही पद्धत आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिच्याविषयी शंका घेणे म्हणजे जनावरांची हयगय करणे, असेच कुणालाही वाटावे. पावसाळ्याच्या तोंडावर एक डोस, पावसाळा सरताना दुसरा, मध्येच एखादे शिबिर, आणि प्रत्येक वेळी लहान-मोठे, लठ्ठ-हडकुळे असा भेद न करता सरसकट सगळा कळप. या पद्धतीमागचा हेतू चांगला आहे, परिणाम मात्र चांगला नाही. कळपातली काही धडधाकट जनावरे मुद्दाम औषधावाचून ठेवायला हवीत आणि त्यांच्या पोटातले थोडे जंत जगू द्यायला हवेत. तसे केले, तरच एखादे जनावर खरोखर जिवावर बेतलेले असेल तेव्हा त्याला वाचवणारे औषध आपल्या हाती उरेल. २०१९च्या पशुगणनेनुसार देशात १४ कोटी ८८ लाख शेळ्या आणि ७ कोटी ४२ लाख मेंढ्या आहेत. एकट्या महाराष्ट्रात शेळ्यांची संख्या एक कोटीच्या वर आहे. यांतली बहुतेक जनावरे अल्पभूधारकांच्या आणि भूमिहीनांच्या दारात बांधलेली असतात. पोराची फी, आजारपण, लग्नकार्य अशा वेळी विकता येईल अशी ती त्यांची शिल्लक असते. म्हणून जंताच्या औषधाचा गुण टिकतो की जातो, हा प्रश्न फक्त पशुवैद्यकांचा राहत नाही.

शेळ्या-मेंढ्यांच्या पोटात अनेक प्रकारचे जंत असतात, पण उष्ण आणि दमट हवेत सर्वांत घातक ठरतो तो हिमाँकस कॉन्टॉर्टस हा गोलकृमी. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतल्या चौथ्या कप्प्यात हा जंत अस्तराला चिकटून रक्त पितो. मादी दोन-तीन सेंटिमीटर लांब असते; रक्ताने लाल झालेल्या तिच्या आतड्याभोवती पांढऱ्या अंडाशयाचा पीळ असतो, त्यामुळे शवविच्छेदनात पोट उघडले की लाल-पांढरे पट्टे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त घालवतो. आकडा क्षुल्लक वाटतो. पण हजार जंत म्हणजे रोजचे ५० मिलिलिटर, आणि पंचवीस-तीस किलोच्या शेळीच्या अंगात रक्त असते जेमतेम दोन लिटर. पापण्यांचा लाल रंग उतरतो, जबड्याखाली पाणी साठून सूज येते, जनावर कळपाच्या मागे पडते आणि एक दिवस उठतच नाही. या जंतामुळे पुष्कळदा हगवण लागत नाही, त्यामुळे मालकाला जंताची शंकाही येत नाही. मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. ती लेंड्यांतून जमिनीवर पडतात, पावसाळी उबेत आठवड्याच्या आतबाहेर त्यांतून संसर्ग करू शकणारी अळी तयार होते, ओल्या गवताच्या पात्यावर चढते आणि चरणाऱ्या जनावराच्या पोटात जाते. तिथून तीन आठवड्यांत नव्या अंड्यांना सुरुवात. इतक्या झपाट्याने पिढ्या पालटणाऱ्या जिवाशी आपला सामना आहे, हे पुढचे सगळे समजून घेताना ध्यानात ठेवायला हवे.

औषधे सापडली नाहीत असे नाही. १९६१मध्ये थायाबेंडाझोल बाजारात आले आणि जंतांचा प्रश्न मिटला असे वाटू लागले. १९६४पर्यंत त्याला दाद न देणाऱ्या हिमाँकसची नोंद झाली होती. पुढे लेव्हामिसोलच्या गटाची औषधे आली, त्यांचीही तीच गत झाली. १९८१मध्ये आयव्हरमेक्टिन आले. जपानमधल्या मातीच्या नमुन्यातील सूक्ष्मजीवापासून मिळालेल्या या औषधाच्या शोधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्बेल यांना २०१५चे नोबेल मिळाले. पण तो सन्मान मिळण्याच्या कितीतरी आधी, ऐंशीचे दशक संपण्यापूर्वीच, दक्षिण आफ्रिकेच्या मेंढ्यांत आयव्हरमेक्टिन पचवणारे जंत दिसू लागले होते. २००९मध्ये न्यूझीलंडमध्ये मोनेपँटेल हे अगदी वेगळ्या गटातले औषध विक्रीला आले. २०१३मध्ये त्याच देशातून ते निकामी ठरल्याची बातमी आली. म्हणजे नवे औषध शोधायला दशके लागतात आणि ते वाया घालवायला काही वर्षे पुरतात. त्यातही दुकानात वेगवेगळ्या नावांच्या बाटल्या दिसल्या, तरी आतली औषधे मोजक्याच गटांतली असतात. या खेपेला अल्बेंडाझोल आणि पुढच्या खेपेला फेनबेंडाझोल पाजले, तर औषध बदलल्याचे समाधान मिळते, पण दोन्ही एकाच गटातली असल्यामुळे एकाला न जुमानणारा जंत दुसऱ्यालाही जुमानत नाही.

हे कसे घडते ते जंताच्या पेशीत डोकावले की स्पष्ट होते. अल्बेंडाझोलच्या गटातली औषधे जंताच्या पेशीतल्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतात आणि पेशीची आतली रचनाच कोलमडवून टाकतात. पण ज्या जंतांत या प्रथिनाच्या साखळीतला २००व्या क्रमांकाचा एकच दुवा बदललेला असतो, त्यांना औषध नीट चिकटत नाही. असे जंत औषध येण्याच्या आधीपासून हजारोंत एखाद-दुसरा या प्रमाणात असतातच. औषध त्यांना घडवत नाही, निवडून काढते. जंताला हा बदल साधारणपणे आईकडून आणि बापाकडून असा दोन्हीकडून मिळाला, तरच त्याला औषधापासून पक्के संरक्षण मिळते. इथेच पुढच्या सगळ्या शहाणपणाची किल्ली आहे. औषधातून वाचलेल्या जंताला जोडीदार म्हणून साधा, औषधाने मरणारा जंत मिळाला, तर त्यांची बहुतेक पिल्ले औषधाने मरतात. सगळ्या जनावरांना औषध पाजून साधे जंत संपवले, तर वाचलेल्यांची जोडी वाचलेल्यांशीच जमते, आणि काही हंगामांत चिवट जंतांचाच कळप उभा राहतो. म्हणून औषध न लागलेल्या जंतांना कुठेतरी आसरा मिळायला हवा, मग तो औषध न दिलेल्या जनावरांच्या पोटात असो की गवतावरच्या अळ्यांच्या रूपात असो. २००१मध्ये दक्षिण आफ्रिकेतील यान व्हॅन वाइक यांनी दाखवून दिले की औषधाचा गुण किती काळ टिकेल हे ठरवणारी कदाचित सर्वांत प्रभावी असलेली ही बाब साऱ्यांच्या नजरेतून निसटली आहे.

विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूस उत्पादकाला हा युक्तिवाद परका वाटायला नको. बीटी कापसाच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर नॉन-बीटी बियाण्याची १२० ग्रॅमची वेगळी पुडी मिळत असे आणि ती कडेच्या ओळींत लावावी, अशी सूचना असे. त्या ओळींवर जगलेल्या साध्या बोंडअळ्यांनी बीटी पचवणाऱ्या अळ्यांशी संकर करावा आणि बीटीचा गुण टिकावा, एवढाच त्या पुडीचा हेतू होता. किडीला आपल्या हाताने पोसायचे हे मनाला पटेना, म्हणून बहुतेकांनी ती पुडी लावलीच नाही. २०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातल्या कपाशीचे जे नुकसान केले, त्यामागे कारणे अनेक होती, पण मोडलेला आसरा हे त्यांतले एक मोठे कारण होते. कापसात जी किंमत मोजून झाली, ती शेळ्या-मेंढ्यांत पुन्हा मोजण्याची गरज नाही.

याच दृष्टीने आपल्या वेळापत्रकाकडे पाहिले, तर एक अवघड गोष्ट समोर येते. मे महिन्याच्या उन्हात माळावरच्या अळ्या जवळजवळ जळून गेलेल्या असतात. त्या वेळी जंतांचा बहुतेक साठा जनावरांच्या पोटात असतो. मृगाच्या आधी दिलेला डोस म्हणूनच परिणामकारक वाटतो, कारण पावसाळ्यात गवत दूषित करणारे जंत आधीच मारले जातात. पण त्याच कारणाने तो सर्वांत धोक्याचाही ठरतो. त्या घडीला औषधातून जे वाचतात, तेच पावसाळ्यातल्या सगळ्या पिढीचे आईबाप होतात; गवतावर त्यांच्याशी जोडी जमवायला साधे जंत उरलेलेच नसतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात कोरड्या उन्हाळ्यात सर्व मेंढ्यांना औषध देण्याची पद्धत अशीच अंगाशी आली आणि पुढे तिथल्या तज्ज्ञांनी काही प्रौढ मेंढ्या त्या डोसातून वगळायला सांगितले. औषध पाजून लगेच कळप स्वच्छ कुरणात हलवण्याच्या सल्ल्याचेही तसेच. स्वच्छ कुरणात पहिली अंडी पडतात ती औषध पचवलेल्या जंतांचीच. आपल्या देशातला अनुभव हेच सांगतो. औषधाला न जुमानणारे जंत भारतात अधिक आढळतात ते संघटित प्रक्षेत्रांवर, जिथे बंदिस्त कुरणे आहेत आणि डोस नियमाने दिले जातात. गावच्या गायरानावर चरणाऱ्या, औषध क्वचितच मिळणाऱ्या कळपांत त्यांचे प्रमाण कमी असते. जंत तोच आणि औषधही तेच, फरक आहे तो ते किती वेळा आणि किती जनावरांना दिले याचा.

मग औषध कुणाला द्यायचे? याचे उत्तर जनावराच्या डोळ्यात असते, आणि ते वाचायची पद्धत साधी आहे. दिवसाच्या उजेडात जनावर धरायचे, अंगठ्याने वरची पापणी हलकेच मिटून किंचित दाबायची, दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी ओढायची आणि आतल्या ओलसर त्वचेचा रंग क्षणभरात पाहून घ्यायचा. दक्षिण आफ्रिकेत फाफा मालान या पशुवैद्यकाच्या कल्पनेतून यासाठी पाच रंगांचा तक्ता तयार झाला आणि त्यांच्याच नावावरून तो फामाचा म्हणून जगभर ओळखला जातो. गडद लाल आणि लालसर गुलाबी रंगाच्या जनावराला औषध नको. फिकट गुलाबी आणि पांढऱ्याला लगेच हवे. मधल्या गुलाबीला वय, गाभणपण आणि एकूण तब्येत पाहून ठरवायचे. तिथल्या कळपांत हा तक्ता वापरल्यावर दिसले की भर हंगामातही बहुतांश प्रौढ मेंढ्यांना एकदाही औषध लागत नाही आणि मोजक्याच मेंढ्यांना ते पुन्हा पुन्हा लागते. जंत कळपात समान वाटले जात नाहीत, हे परोपजीवी शास्त्रातले फार जुने निरीक्षण आहे: ढोबळमानाने पाचांतल्या एका जनावराच्या पोटात कळपातल्या जंतांचा मोठा हिस्सा असतो. ते एक जनावर हुडकून त्याला औषध दिले की गवतावर पडणारी अंडीही बरीच कमी होतात, आणि उरलेल्या चौघांच्या पोटात साध्या जंतांना आसरा मिळतो.

निसर्गात औषध पाजायला कुणी नसते, तिथे काय चालते हे पाहिले तर या विचाराला आणखी बळ मिळते. स्कॉटलंडच्या पश्चिमेला सेंट किल्डा द्वीपसमूह आहे. तिथल्या हिर्टा बेटावरची माणसे १९३०मध्ये बेट सोडून गेली आणि १९३२मध्ये शेजारच्या बेटावरून आणलेल्या सोए जातीच्या मेंढ्या तिथे मोकळ्या वाढल्या. त्यांच्यावर अनेक दशके अभ्यास चालू आहे. काही कडक हिवाळ्यांत अर्ध्याहून अधिक मेंढ्या मरतात, आणि त्या मरणांत उपासमारीबरोबरच पोटातल्या जंतांचाही वाटा असतो. अभ्यासकांनी काहींना जंतनाशक दिले तेव्हा त्या अधिक संख्येने जगल्या. एवढ्यावरून जंत हे निव्वळ संकट आहे असे म्हणता आले असते. पण पुढे असे दिसले की ज्यांच्या शरीराची प्रतिकाराची यंत्रणा तीव्र, त्या मेंढ्या कडक हिवाळा काढतात, मात्र त्यांना पिल्ले कमी होतात. प्रतिकार फुकट मिळत नाही. त्याचा खर्च प्रजननातून वसूल होतो. म्हणूनच कळपात काही जंत सोसणारी आणि काही जंत झटकून टाकणारी अशी दोन्ही प्रकारची जनावरे पिढ्यानपिढ्या टिकून राहतात. पूर्णपणे जंतमुक्त जनावर हा निसर्गाचा नियम नाही आणि पाळीव कळपातही तो हट्ट धरण्याचे कारण नाही.

दुसरा पुरावा दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानातला आहे आणि तो जास्त अस्वस्थ करणारा आहे. व्हेनेसा एझेन्वा आणि अ‍ॅना जॉल्स यांनी तिथल्या रानम्हशींपैकी काहींना दीर्घकाळ काम करणारे जंतनाशक दिले आणि काहींना दिले नाही. या म्हशींत क्षयरोग पसरलेला होता. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की औषध मिळालेल्या म्हशींना क्षयाची लागण इतरांइतकीच झाली, पण लागण झाल्यावर त्या कितीतरी अधिक काळ जगल्या. त्या एकेका म्हशीच्या दृष्टीने हे भलेच झाले. पण जिवंत राहिलेली रोगी म्हैस कळपात रोग पसरवत राहते, त्यामुळे क्षयाचा फैलाव अनेक पटींनी वाढण्याची शक्यता त्यांच्या गणितातून पुढे आली. यावरून कुणी औषध देऊच नये असा अर्थ काढू नये. अर्थ एवढाच की एका जनावराचे हित आणि कळपाचे हित ही प्रत्येक वेळी एकच गोष्ट नसते. सरसकट उपचार करताना आपण फक्त पहिल्याचा हिशेब मांडतो.

यावर पहिला आक्षेप येईल तो गरिबाच्या बाजूने, आणि तो गंभीर आहे. शंभर मेंढ्यांच्या मालकाला वीस मेंढ्या औषधावाचून ठेवणे परवडेल. चार शेळ्या असलेल्या बाईने कोणती शेळी पणाला लावायची? आजारी शेळीला औषधापासून दूर ठेवा, असे इथे कुणीच म्हणत नाही. पापणी पांढरी पडली की त्याच दिवशी पूर्ण मापाचा डोस मिळालाच पाहिजे. लाल पापणीच्या शेळीला औषध न दिल्याने मालकिणीचे नुकसान होत नाही, उलट डोसाचे पैसे वाचतात. शिवाय गायरानावर चरणाऱ्या चार शेळ्यांच्या भोवती गावच्या इतर जनावरांचे जंत असतातच, त्यामुळे तिच्या दारात प्रतिरोध तयार होण्याचा धोका मोठ्या प्रक्षेत्रापेक्षा कमी असतो. तिला खरा धोका आहे तो प्रतिरोधक जंत पोटात घेऊन येणाऱ्या, बाजारातून किंवा प्रक्षेत्रावरून आणलेल्या बोकडाचा, आणि अपुऱ्या डोसाचा. शेळीचे शरीर यांतली बरीच औषधे मेंढीपेक्षा लवकर निकामी करते. मेंढीच्या मापाने दिलेला डोस शेळीला कमी पडतो आणि अर्धवट चिवट जंतही वाचतात. म्हणून वजन अदमासाने न ठरवता काट्यावर करावे आणि माप पशुवैद्यकाला विचारून घ्यावे, हा सल्ला चार शेळ्यांच्या मालकिणीला जितका लागू आहे तितकाच चारशे मेंढ्यांच्या मालकाला.

दुसरा आक्षेप तांत्रिक आहे. पापणी फिकट पडण्याला फक्त हिमाँकस कारण नसतो. गोचीड, यकृतातले पर्णकृमी, निकृष्ट चारा यांनीही रक्त कमी होते. उलट रक्त न पिणारे काही जंत पापणीवर खूण न उमटवता जनावर पोखरतात. हे खरे आहे. म्हणून पापणीच्या जोडीला लेंड्यांची तपासणी हवी. सूक्ष्मदर्शकाखाली एका ग्रॅममध्ये किती अंडी आहेत हे मोजता येते, आणि औषध दिल्यानंतर दहा-चौदा दिवसांनी पुन्हा मोजले की औषध लागू पडले की नाही ते ताबडतोब कळते. आज बहुतेक ठिकाणी औषध दिले जाते, पण ते लागू पडले का हे कुणी तपासत नाही. पावसाळ्यात पापण्या दर आठ-पंधरा दिवसांनी पाहाव्या लागतात, हेही कष्टाचे काम आहे. पण शेळ्या आपल्याकडे बहुधा घरातल्या बायका सांभाळतात, त्या प्रत्येक शेळीला रोज हात लावतात, आणि कोणती शेळी आज मलूल आहे हे त्यांना तक्त्याआधी कळते. तक्ता त्यांच्या नजरेला फक्त माप देतो.

तिसरा आक्षेप असा की जंत पोसण्यापेक्षा ते कायमचे का नष्ट करू नयेत? नारू आपण घालवलाच ना? घालवला, आणि तो अभिमानाचा विषय आहे. भारतात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६मध्ये आढळला आणि २०००मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. पण नारूवर औषध नव्हते आणि लसही नव्हती. तो गेला तो पाणी गाळून पिण्याने, पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्याने आणि रुग्णांवर लक्ष ठेवल्याने. शिवाय तो प्रामुख्याने माणसात राहणारा जंत होता, आणि तरीही आफ्रिकेतल्या चाड देशात २०१२पासून तो कुत्र्यांत सापडू लागला आणि जगातून नारू संपवण्याची मोहीम रेंगाळली. अमेरिकेने १९०६मध्ये गुरांच्या गोचिडांविरुद्ध मोहीम सुरू केली आणि १९४३पर्यंत मेक्सिकोच्या सीमेवरचा पट्टा सोडून देश मोकळा केला. तो पट्टा आजही धुमसतो आहे, कारण तिथली हरणे आणि आपल्याकडून नेऊन सोडलेल्या नीलगायी त्या गोचिडांना अंगावर वागवतात. हिमाँकस तर मेंढी, शेळी, गुरे, हरणे, काळवीट अशा अनेक जनावरांत राहतो. ब्रिटनमधल्या जंगली रो हरणांच्या पोटात अल्बेंडाझोलच्या, म्हणजे बेंझिमिडाझोल गटाला न जुमानणारा हिमाँकस आढळला आहे. ज्या हरणांना कधीच औषध मिळाले नाही, त्यांच्यात तो शेतावरच्या मेंढ्यांकडूनच पोचला असणार, आणि एका शेतावरून दुसऱ्या शेतावर तो नेण्याची क्षमता त्या हरणांत आहे. सोलापूर-अहिल्यानगरच्या ज्या माळांवर धनगरांची मेंढरे चरतात, तिथेच काळवीटही चरतात. पाळीव कळपात आपण जे करतो त्याचे परिणाम गोठ्याच्या कुडाशी थांबत नाहीत.

लस येईल किंवा नवे औषध येईल, तोवर जे आहे ते वापरून घ्यावे, असेही म्हटले जाते. हिमाँकसवर लस आली आहे. स्कॉटलंडच्या मोरडन संस्थेच्या संशोधनातून तयार झालेली ही लस २०१४पासून ऑस्ट्रेलियात वापरात आहे. पण ती मेंढ्यांतून काढलेल्या जंतांच्या आतड्यातील प्रथिनांपासून बनते आणि एका हंगामात अनेकदा टोचावी लागते. गावोगावच्या शेळ्यांपर्यंत पोचणारी लस ती अद्याप नाही. उलट हाताशी असलेले उपाय पुष्कळ आहेत. अळी गवताच्या पात्यावर जेमतेम वीतभर चढते. म्हणून बाभूळ, बोर, सुबाभूळ, शेवरी यांचा पाला खाणारी शेळी, फक्त आखूड गवतावर बांधलेल्या शेळीपेक्षा कमी जंत घेते. टोंगामध्ये झालेल्या प्रयोगात कुरणाचे दहा तुकडे करून शेळ्या प्रत्येक तुकड्यात साडेतीन दिवस ठेवल्या आणि सुमारे पाच आठवड्यांनी पहिल्या तुकड्यात परत आणल्या. तेवढ्या काळात उष्ण-दमट हवेत बऱ्याच अळ्या मरून गेल्या होत्या आणि औषधाची गरज खूप घटली. पावसाळा सरल्यावर मेंढरे घेऊन कोकणाकडे उतरणाऱ्या आणि मृगाच्या आगेमागे परतणाऱ्या धनगरांच्या वाटचालीत गावच्या कुरणाला अशी लांब विश्रांती मिळत आली आहे. ती वाट चारापाण्यासाठी पडली, पण जंतांच्या दृष्टीनेही ती शहाणपणाची आहे. पेंड, डाळीचा चुरा अशा खुराकातून प्रथिने मिळाली की जनावर स्वतःच जंतांशी झुंजते. आणि शेवटी वंश: सुंदरबनच्या दलदलीत वाढलेली गरोळ मेंढी हिमाँकसला चांगला प्रतिकार करते, आणि फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी मेंढीशी तिचा संकर करून त्या गुणाचाही अभ्यास केला आहे. वारंवार औषध लागणारी जनावरे पैदाशीतून काढली आणि लाल पापणीच्या आयांची पिल्ले राखली, तर हेच काम प्रत्येक कळपात थोडेथोडे होत राहील.

या सगळ्यातून सरकारी धोरणाने काय उचलायचे ते स्पष्ट आहे. जंतनाशक मोहिमेचे यश आज किती जनावरांना डोस दिले या संख्येत मोजले जाते. ते किती डोस वाचले आणि दिलेले किती लागू पडले यात मोजायला हवे. प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात मराठी मजकुराचा पापणीचा तक्ता असावा, शेळीपालकांच्या प्रशिक्षणात तो हातात देऊन शिकवावा, तालुक्याला लेंड्या मोजण्याची सोय असावी आणि सरकारी प्रक्षेत्रावरून पैदाशीचा नर देण्याआधी त्याच्या पोटातले जंत औषधाला दाद देतात की नाही ते तपासावे. पावसाळ्याआधीचा डोस द्यायचाच असेल, तर तो दूध तुटलेल्या पिलांना, गाभण व नुकत्या व्यालेल्या शेळ्या-मेंढ्यांना आणि फिकट पापणीच्या जनावरांना द्यावा. धडधाकट प्रौढ जनावरांना सोडून द्यावे. यात मोठा खर्च नाही, आयात करायचे यंत्र नाही. सवय मात्र मोडावी लागेल, आणि औषध न देणे हाही विचारपूर्वक केलेला उपचार असू शकतो, हे पशुपालकाला पटेपर्यंत सांगत राहावे लागेल. आज उपलब्ध असलेल्या औषधांचा गुण कुणा एकाच्या मालकीचा नाही. तो खर्च करण्याचा हक्क जसा आपल्याला आहे, तसाच पुढच्या पिढीच्या शेळीपालकासाठी तो राखून ठेवण्याची जबाबदारीही आपलीच आहे.